फूटभर फळीचं भाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वडिलांचं जुनं किराणा दुकान, जागा साधारण ६०० चौरस फूट. मुलाने काउंटर मागे सरकवला, जुन्या बाजारातून आठ गोंडोला रॅक (जमिनीवर उभे राहणारे, फळ्या वर-खाली करता येणारे) आणले आणि अर्धं दुकान सेल्फ-सर्व्हिस केलं. चार महिने झाले, विक्री आहे तिथेच. उलट फळ्यांच्या मागच्या रांगेत माल एक्सपायर व्हायला लागलाय. त्यात एक जण मांडणीचं सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्याने घ्या म्हणून मागे लागलाय. ते घ्यावं का? आणि मांडणी शिकायची तर नेमकं काय शिकायचं, कोणती हत्यारं घ्यायची?

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. आधी टेप घ्या.

मी या कामात २२ वर्षं आहे. सुरुवात बिस्किटांच्या एका एजन्सीत मर्चंडायझर म्हणून केली, म्हणजे दुकानोदुकानी जाऊन कंपनीचा माल फळीवर लावून देणारी. खांद्याला पिशवी, त्यात फडकं, कटर, सेलोटेप आणि पोस्टरांची गुंडाळी, दिवसाला चौदा-पंधरा दुकानं. मग पुण्यात एका मोठ्या सुपरमार्केटच्या फ्लोअरवर नऊ वर्षं काढली. आता तालुक्याच्या गावांतली दुकानं लावून देते. मांडणी म्हणजे सजावट, हा गैरसमज मला सगळीकडे भेटतो. तो आधी डोक्यातून काढा. फळी ही भाड्याने दिलेली खोली आहे. कोण किती भाडं देतो, कोण नुसताच पसरून बसलाय, हे ओळखता आलं की तुमचं निम्मं शिक्षण झालं.

तर टेप, ५ मीटरची. आणि गवंडी वापरतात ती पाणसळ. हसू नका, जुन्या बाजारातल्या रॅकचे पाय वाकडे असतात आणि आपल्याकडच्या जुन्या दुकानांतली शहाबादी फरशी कधीच सपाट नसते. फळी पुढे झुकली की बाटल्या काठावर येतात, मागे झुकली की पुडे घसरत मागे जाऊन दडी मारतात आणि तिथेच त्यांचं वय होतं. रॅकच्या पायाला खालून फिरवायचा बोल्ट असतो, तो फिरवून प्रत्येक रॅक पाणसळीत आणा. फळीचे दोन्ही ब्रॅकेट खालून मोजून एकाच नंबरच्या खाचेत बसवा आणि रबरी हातोडीचा एकेक ठोका द्या. नुसत्या हाताने दाबलेला हुक बसल्यासारखा वाटतो, पण बसलेला नसतो. मी हे तेलाच्या ४० पाऊचसकट शिकले.

आता उंची. बाहेरची माहिती वाचून आलेला माणूस सांगतो, डोळ्याच्या पातळीवर महाग माल ठेवा. बरोबर आहे, पण डोळा कुणाचा? आपल्याकडे किराणा घ्यायला येणाऱ्या बाईची उंची सरासरी १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. तिचा डोळा साडेचार फुटांच्या जरासा वर, आणि चालताना नजर थोडी खालीच असते. म्हणून तुमच्या दुकानात सोन्याची जागा जमिनीपासून अडीच ते साडेचार फूट एवढीच. सहा फुटांवरची फळी तिच्यासाठी माळा आहे. तिथून बरणी ओढताना खाली पडली तर ती परत हात लावणार नाही, तुम्ही कितीही 'राहू द्या ताई, काही होत नाही' म्हणा. तिथे हलका आणि ठरलेला माल ठेवा: पोह्यांचे मोठे पुडे, कुरमुरे, कागदी प्लेटा. तळाच्या फळीवर जड माल: पाच किलोचं पीठ, तेलाचे डबे. आणि तळालाच, पण वेगळ्या रॅकवर, मुलांच्या नजरेसमोरचा खाऊ. या शेवटच्या गोष्टीवर माझं मन अजून द्विधा आहे, पण विक्री होते हे खरं.

मग भाड्याचा हिशोब. समजा, मधल्या उंचीची तीन फुटांची एक फळी मसाल्यांना दिलीय. महिन्याला ९,००० ची विक्री, १८ टक्के मार्जिन, म्हणजे १,६२० रुपये. फुटाला ५४०. शेजारची तेवढीच फळी नूडल्सची: विक्री १२,०००, मार्जिन १० टक्के, म्हणजे १,२००. फुटाला ४००. विक्रीचा आकडा मोठा म्हणून तुम्ही नूडल्सला आणखी जागा द्याल आणि इथेच चुकाल. आता एखाद्या कंपनीचा सेल्समन येतो आणि म्हणतो, 'शेठ, ही मसाल्याची फळी आम्हाला द्या, महिन्याला ५०० रुपये डिस्प्लेचे.' त्याचं नवं पेय त्या फळीवर महिन्याला ४,००० चं विकलं जाईल, मार्जिन १२ टक्के, म्हणजे ४८०. अधिक ५००. एकूण ९८०. मसाले १,६२० देत होते. ५०० रुपये घेऊन तुम्ही ६४० चं नुकसान विकत घेतलंत. हाच सेल्समन दाराजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात स्टँड ठेवायला तयार असेल तर जरूर घ्या. मात्र पैसे रोख, मालात की बिलातून वजा, आणि कधी, हे कागदावर लिहून घ्या. डिस्प्लेचे पैसे 'पुढच्या महिन्यात' येतात आणि पुढचा महिना सेल्समनबरोबरच बदलून जातो.

फेसिंग, म्हणजे एक वस्तू समोरून किती रांगांत दिसते ते, याचं गणितही वहीत होतं. तीन फुटांची फळी म्हणजे ३६ इंच. तूरडाळीचा एक किलोचा पुडा साधारण साडेपाच इंच रुंद, म्हणजे सहा रांगा बसतात. फळी १६ इंच खोल आणि पुडा अडीच इंच जाड, म्हणजे एका रांगेत सहा पुडे. पूर्ण फळीवर ३६. आठवड्याला तुमचे २० पुडे जातात आणि माल आठवड्याने येतो, तर फळीवर २० अधिक त्याचे निम्मे, म्हणजे ३० पुरेत. पाच रांगा तुरीला, सहावी मसुरीला. जे पटापट जातं त्याला जास्त रांगा, जे रडतखडत जातं त्याला एक. 'कमीत कमी दोन फेसिंग हवेतच' असं मोठ्या दुकानांत शिकवतात. तुमच्या जागेत ते परवडणारं नाही.

तुमच्या एक्सपायरीचं मूळ माझ्या अंदाजाने इथेच आहे. जुन्या बाजारातले रॅक बहुतेक मोठ्या दुकानांचे असतात, खोल फळ्यांचे. तिथे दिवसाला ४० जाम जातात, तुमच्याकडे आठवड्याला दोन. १६-१८ इंच खोल फळी रिकामी दिसू नये म्हणून तुम्ही ती भरता, आणि भरलेल्या फळीचा मागचा अर्धा भाग म्हणजे कोठडी होते. उपाय फुकट आहे: रिकामे खोके चपटे करून किंवा तसेच उलटे करून फळीच्या मागे ठेवा. आम्ही याला खोटी पाठ म्हणतो. सावकाश जाणाऱ्या मालासाठी फळीची खोली सहा-सात इंचांवर आणा. समोरून भरगच्च दिसतं, मागे दडायला जागा राहत नाही आणि तुमचे पैसेही मालात कमी अडकतात.

हीच खोटी पाठ वाईट कामालाही वापरली जाते, हेही सांगून टाकते. सुपरमार्केटमध्ये वरून कुणी साहेब येणार असला की आमचा फ्लोअर मॅनेजर सकाळी नऊला सगळ्यांना फळ्या पुढे ओढायला लावायचा. पुढे पुड्यांची भिंत, मागे पोकळी. साहेब खूश. दुपारी तीनला गिऱ्हाईक दुसरा पुडा काढायला जायचं आणि हात हवेत फिरायचा. गोदामात माल असायचा, पण आमची सकाळ ओढण्यात गेलेली असायची. फळी पुढे ओढणं हे दिवसाअखेरचं दहा मिनिटांचं काम आहे. ते माल भरण्याच्या जागी आलं की दुकान आतून पोकळ झालं समजा.

माल भरण्याची रीत एकच: जुना पुढे, नवा मागे. सगळे सांगतात, कुणी करत नाही, कारण नवा पुडा समोर सरकवायला पाच सेकंद लागतात आणि नीट करायला दोन मिनिटं. नीट म्हणजे काय? रांगेतले जुने पुडे आधी बाहेर काढायचे, क्रेटमध्ये ठेवायचे. फळी पुसायची, सांद्यांतली धूळ रंगाच्या दोन इंची ब्रशने काढायची. नवा माल मागे, जुना पुढे. आणि 'आधी आलेला आधी' यावर डोळे झाकून विसंबू नका. डिस्ट्रिब्युटर कधीकधी आजच्या फेरीत गेल्या फेरीपेक्षा जुनी तारीख टेकवून जातो. म्हणून पुढे तो ठेवायचा ज्याची तारीख आधी संपते. उतरवून घेतानाच प्रत्येक खोक्यावर मार्करने संपण्याचा महिना ठळक लिहा, हाताच्या पंजाएवढा. काही पुड्यांवर नुसती पॅकिंगची तारीख आणि 'सहा महिन्यांपर्यंत उत्तम' असं असतं. फळीजवळ उभं राहून हे गणित कुणीही करत नाही, म्हणून ते खोक्यावर आधीच केलेलं असावं.

त्याबरोबर एक साधी वही. पुढच्या ६० दिवसांत संपणारा माल, नग किती, कुठल्या फळीवर. दर सोमवारी दोन रॅक तपासा, आठ रॅक चार आठवड्यांत होतात. ३० दिवस उरले की तो माल काउंटरजवळ टोपलीत आणा आणि कमी किंमत लावा. तारीख उलटलेलं खाद्य विकणं हा गुन्हाच आहे, तिथे भिडेला जागा नाही. एजन्सी एक्सपायर झालेला माल परत उचलते की नाही, हे ऑर्डर देतानाच विचारा. न उचलणाऱ्याचा माल अर्धा खोका मागवा, तो देत नसेल तर मागवूच नका. रवा, मैदा, बेसन यांना तारखेची वाट बघायला लावू नका. पावसाळ्यात रव्याला तारखेआधीच जाळ्या धरतात आणि एका पुड्यातले सोंडे अख्खा रॅक फिरून येतात.

किंमत. तुमच्या दुकानात लोक अजून काउंटरला येऊनच माल मागत असतील, तर फळीवर किंमत लिहिलेली नाही एवढं एकच कारण पुरेसं आहे. माणसाला 'हे केवढ्याला?' विचारायची लाज वाटते, आणि विचारून परत ठेवायची तर त्याहून जास्त. फळीच्या पुढच्या काठाला प्लास्टिकची पट्टी मिळते, त्यात कागद सरकवायचा. वस्तूच्या पहिल्या रांगेच्या डाव्या कडेला बरोबर खाली तिचं लेबल. मराठीत, मोठ्या अक्षरात: 'मसूर डाळ, १ किलो', खाली तुमचा भाव. छापील किमतीपेक्षा कमी भावाचं स्टिकर पुड्यावर लावता येतं, पण छापलेली एमआरपी त्याखाली झाकायची नाही, वजन-मापाच्या नियमांत ते स्पष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा फळीवरच्या लेबलांचं मोल लोकांना कळलं. पुड्यावर जुनी किंमत आणि बिलात नवी. ज्यांच्या फळीवर लेबल होतं त्यांनी एका संध्याकाळी कागद बदलले. बाकीचे दिवसभर गल्ल्यावर समजावत बसले. लेबल थर्मल प्रिंटरवर काढत असाल तर दर्शनी, उन्हाच्या बाजूला लावू नका, ते काळवंडतं किंवा उडून जातं.

आता तो भाग, जो कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही. गावाकडच्या गिऱ्हाइकाला मालाला हात लावायची सवय नसते. पिढ्यान्‌पिढ्या त्याने यादी वाचली आणि दुकानदाराने माल काढून दिला. सेल्फ-सर्व्हिसची कल्पना अमेरिकेत मेम्फिसला पिगली विगली नावाच्या दुकानात १९१६ साली आली, आपल्या तालुक्यात ती काल आलीय. त्यामुळे अगदी कोरीव भिंतीसारखी फळी लावू नका. ती मोडायला माणूस धजत नाही. लावून झालं की प्रत्येक फळीवरून एक-दोन पुडे स्वतःच काढून घ्या. 'कुणीतरी आधी घेतलंय' असं दिसलं की हात पुढे येतो. टोपल्या दाराच्या तोंडाशी रचू नका. तिथे माणूस चप्पल, छत्री, मूल सांभाळत असतो. चार-पाच पावलं आत ठेवा आणि पहिले दोन महिने कुणीतरी स्वतः हातात टोपली द्या: 'घ्या काकू, बघा तुम्हाला काय हवं ते.' म्हाताऱ्या माणसांना मात्र फिरवू नका. त्यांना पूर्वीसारखं स्टूल द्या, माल काढून द्या. साखर-तेल मुद्दाम दुकानाच्या टोकाला ठेवून गिऱ्हाइकाला सगळं दुकान दाखवायचं ही मोठ्यांची युक्ती ६०० फुटांत चिल्लर फायदा देते आणि रोजच्या माणसाला चिडवते.

शेजार कसा लावायचा? गेल्या महिन्याची १०० बिलं काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. कुठल्या दोन वस्तू एकाच बिलात परत परत येतात, खुणा करा. पोह्यांबरोबर शेंगदाणे येतील हे तुम्हाला माहीत आहे. पण एका दुकानात मला चहा पावडरीबरोबर खारी-टोस्ट आणि तिसरं काय सापडलं सांगू? काडेपेटी. तिघांना एका फळीवर आणलं. हरभरा डाळ, गूळ, वेलदोडा, जायफळ हे पुरणाचं कुटुंब सणाच्या आधी एकत्र. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाण्याचं कूट, उपवासाचं मीठ यांना वर्षभर कायमचा एक कोपरा द्या, आपल्याकडे आठवड्याला कुणाचा ना कुणाचा उपवास असतोच.

शेजार न लावण्याबद्दलही. चहा, पीठ, तांदूळ, सुकामेवा वास ओढून घेतात. एकदा खोका उघडताना माझ्या कटरचं पातं जास्त बाहेर होतं. आतले धुण्याच्या पावडरीचे अकरा पुडे चिरले गेले आणि खालच्या फळीवर चहा होता. पावडर झाडली, वास गेला नाही. पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकं चहाचे पुडे परत घेऊन आली. तेव्हापासून साबण-अगरबत्ती एका भिंतीला, खाण्याचं दुसऱ्या. आणि कटरचं पातं एकच खाच बाहेर, खोका कडेच्या चिकटपट्टीवर कापायचा, मधोमध कधीच नाही.

सणांचं वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. एवढंच सांगते, रॅकच्या टोकाची दर्शनी बाजू कायम एकाच कामाला ठेवा: आत्ताच्या हंगामाला. मार्च-एप्रिलला वाळवणाचं सामान, पापडखार, मसाल्याची मिरची, धणे, दगडफूल. जूनला लोणच्याचा मसाला आणि शाळेचे डबे. मग श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळीचा फराळ, संक्रांतीचे तीळ आणि चिक्कीचा गूळ. मांडणी तीन आठवडे आधी लागावी आणि सण झाल्यावर दोन दिवसांत उतरावी. भाऊबीज होऊन आठवडा झाला तरी टोकाला उटणं आणि पणत्या, हे मी दर दिवाळीला कुठे ना कुठे बघते.

राहिलेली हत्यारं: चांगला स्टूल (खोक्यावर चढू नका), फळीवर रांगा वेगळ्या ठेवणारे तारेचे दुभाजक, किमतीची लेबल गन, चोरीवर नजर ठेवायला कोपऱ्यात गोल आरसा. ब्लेड, चॉकलेट, लहान तूप, बाळाचं खाणं गल्ल्यापासून दिसेल असं ठेवा, विषय संपला. बारकोड स्कॅनर मात्र घ्या. डाळी-कडधान्याचे पुडे स्वतः भरत असाल तर त्यांना दुकानापुरता आतला कोड द्यायचा, २ ने सुरू होणारा. आणि पुडे आधीच भरून ठेवता म्हणजे तुम्ही पॅकर झालात. पुड्यावर नाव-पत्ता, वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं आणि पॅकर म्हणून नोंदणीही.

स्कॅनरवर तीन महिने बिलं झाली की वस्तूवार विक्री तुमच्या हातात येते, आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरलाही भरायला तेवढंच लागतं. ती नसताना सॉफ्टवेअर घेतलंत तर ते रिकाम्या पोटी सुंदर चित्रं काढेल. तोवर चौकटींचा आलेख कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक इंच, आणि रॅक काढा. दर सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, जमिनीवर रंगाने खूण केलेल्या त्याच जागेवरून प्रत्येक रॅकचा मोबाइलवर फोटो. सहा आठवड्यांचे फोटो ओळीने बघा. जो पुडा सहाही फोटोंत तसाच उभा आहे, तो भाडं न देणारा भाडेकरू. दुसरं दुकान काढलंत आणि दोन्हीकडे सारखी मांडणी ठेवायची वेळ आली, तर त्या सॉफ्टवेअरवाल्याला परत बोलवा.

सुरुवात आठही रॅकवर करू नका. एक निवडा, मसाल्यांचा सगळ्यात सोपा. तो रिकामा करा, पाणसळ लावा, खोटी पाठ बसवा, लेबलं लावा, महिनाभर वही ठेवा.

वडिलांची गल्ल्यावरची खुर्ची कुठे आहे हे प्रश्नात नाही. ती हलवली असेल तर परत दाराच्या बाजूला आणा. कोण दर शनिवारी काय नेतो हे त्यांना तोंडपाठ असणार, आणि १०० बिलांच्या खुणा करताना त्यांना शेजारी बसवा. मधले रॅक साडेचार फुटांच्या वर जाऊ देऊ नका, वरच्या फळ्या काढून भिंतीला लावा. खुर्चीवर बसल्या बसल्या पलीकडच्या गिऱ्हाइकाचं डोकं दिसलं पाहिजे, म्हणजे त्यांना तिथूनच हाक मारता येईल: 'नाना, भगर त्या कोपऱ्यात ठेवलीय हो आता.'